समुद्र बाहेर गेला होता

दीपचंदशेठनी सुरतेहून आणलेला चाळीस साड्यांचा गठ्ठा पानबाईंनी नरडाण्याच्या दुकानाच्या गादीवर सोडला, तेव्हा त्यांना आधी वाटलं की प्रवासात साड्यांवर धूळ बसली असेल. त्यांनी वरची साडी झटकली. धूळ उडाली नाही. मग खालची झटकली.

"अहो, ह्या कोणत्या रंगाच्या म्हणायच्या?"

"गुलाबी," शेठ टोपी खुंटीला लावत म्हणाले.

"ही?"

"म्हणजे फिका गुलाबी. सुरतेत सध्या हाच चालतो."

पानबाईंनी साडी दाराशी, उजेडात नेली. चुलीतल्या सकाळच्या राखेसारखी ती राखाडी होती. तसं तोंडावर सांगितलं सुंदरबाईने. ही शेजारच्या गावची शेतकरीण आठवड्याने पुतणीच्या लग्नासाठी साड्या घ्यायला आली, आणि गठ्ठ्यातल्या चार साड्या बघून तिने हात आखडता घेतला.

"शेठ, आमनाकडे लगीन शे, दहावं नही."

दोन महिन्यांत त्या चाळिसांतली एक साडी खपली. ती गावच्या स्टेशनमास्तरांनी खिडकीच्या पडद्यासाठी नेली.

"पुढच्या खेपेला मी येते," पानबाई एका सकाळी म्हणाल्या. "रंग मी बघते. दुकान आपला निर्मलकुमार बघेल. आता तो वीस वर्षांचा झाला."

शेठना यात नाही म्हणण्यासारखं काही सापडेना.

"आणि एक दिवस समुद्राचा," पानबाईंनी त्याच दमात सांगून टाकलं.

"समुद्राचा? तिथं आपलं काय काम?"

"एकवीस वर्षं झाली, तुम्ही वर्षातून तीनदा सुरतेला जाता. तिथून समुद्र किती लांब आहे?"

"बारा मैल."

"आणि तुम्ही एकदाही बघितला नाही?"

"बारा मैल पलीकडच्या बाजूला आहे," शेठनी खुलासा केला. "बाजार अलीकडे आहे."

पानबाईंचं माहेर चोपड्याचं. तिथल्या पाठशाळेत सात वर्षांच्या असताना एका साध्वीजींनी त्यांना लवणसमुद्र पाठ करायला लावला होता. जंबूद्वीपाच्या सभोवती लवणसमुद्र, बांगडीसारखा गोल, रुंदी दोन लक्ष योजनं. बाकीच्या मुली रुंदी पाठ करून खेळायला गेल्या. पानबाई मात्र संध्याकाळपर्यंत विचार करत बसल्या की एवढं पाणी असेल, तर त्याच्या काठावर उभं राहिल्यावर माणसाला काय होत असेल. पुढे लग्न झालं, दुकान आलं, निर्मल झाला, सासूबाईंचं आजारपण झालं. कुणी तीर्थयात्रा करून आलं की पानबाई प्रसाद घ्यायच्या, पाया पडायच्या आणि हळूच विचारायच्या, "वाटेत समुद्र लागला का?"

सदुसष्ट सालच्या पौषात नवराबायको सुरतेला पोचले आणि जैन धर्मशाळेत उतरले. शेठनी दुसऱ्या दिवसाचा बेत आखला होता. सकाळच्या बसने डुमस, अर्धा तास समुद्र, अकराच्या बसने परत, आणि दुपारी बाजार.

बस दहाच्या सुमारास डुमसला थांबली. पानबाईंनी ठेवणीतली जांभळी रेशमी साडी नेसली होती. एरवी त्या शेठच्या चार पावलं मागून चालत. आज सुरूच्या झाडांमधून त्या पुढे होत्या, आणि मागून शेठ येत होते, एका हातात दशम्यांचा डबा, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी, काखेत छत्री. झाडं संपली तिथे पानबाई एकदम थांबल्या. शेठ त्यांच्यावर आदळता आदळता वाचले.

समोर समुद्र नव्हता. काळी, ओली, सपाट जमीन होती, ती पार आभाळापर्यंत गेली होती. तीनचार होड्या चिखलात कुशीवर आडव्या पडल्या होत्या. झाडाखाली एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. शेठनी त्याला गुजरातीत विचारलं, "काका, दरियो क्यां छे?"

म्हाताऱ्याने वर न बघता सांगितलं, "दरियो तो गयो."

"कुठं गेला?"

"बहार गयो."

"येणार कधी?"

"आवशे," म्हातारा म्हणाला. "आजे पूनम छे. चार वागे अहीं झाड सुधी आवशे."

शेठनी पानबाईंना सांगितलं, "बाहेर गेलाय. चार वाजता येईल. पौर्णिमा आहे, तेव्हा झाडापर्यंत येईल म्हणतो." सांगताना त्यांच्या आवाजात एक समाधान होतं. वेळेवर आलेल्या गिऱ्हाइकाला दुकान बंद मिळावं, यात गिऱ्हाइकाची काय चूक? "आपण आपल्याकडून आलो होतो. चल, अकराची बस आहे."

पानबाई हलल्या नाहीत. त्या डोळ्यांवर हात धरून लांब बघत होत्या.

"ती पांढरी रेघ दिसतेय का तुम्हाला?"

"दिसतेय."

"हलतेय ती. तोच समुद्र."

"अगं, मैलभर लांब आहे!"

"मी चोपड्याहून इथपर्यंत आले," पानबाई म्हणाल्या. "मैलभर काय घेऊन बसलात. तुम्ही बसा इथं सावलीला."

आणि त्या निघाल्या. शेठनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा जाळ्यात गुंतला होता. शेठ डबा, कळशी आणि छत्रीसह मागोमाग निघाले.

पन्नास पावलांवर पानबाई किंचाळल्या, "थांबा! पाय टाकू नका!"

शेठ एका पायावर थांबले. समोरची जमीन चालत होती. नीट बघितलं तेव्हा कळलं की ते खेकडे आहेत, हरभऱ्याच्या घाट्याएवढे, हजारोंनी. पानबाईंनी पाऊल उचललं की आसपासचे सगळे खेकडे सरसर बिळांत जायचे.

"गेले आत. चल आता," शेठ म्हणाले.

"आत गेले म्हणून काय झालं? बिळावर पाय पडला तर दार नाही का बंद होणार त्यांचं?"

शेठ स्वतः पाण्याचा घोट गाळल्याशिवाय घेत नसत. मग ते दोघे, जिथे बीळ नाही असं तळव्याएवढं ठिकाण शोधत, एक एक पाऊल टाकत समुद्राकडे निघाले. पानबाईंनी साडीच्या निऱ्या उचलून धरल्या होत्या. शेठनी धोतर.

"या चालीनं आपण पोचू तोवर निर्मलची मुलं लग्नाला येतील," शेठ म्हणाले. पण पानबाईंचं लक्ष नव्हतं. दम खायला त्या जरा उभ्या राहिल्या होत्या, आणि हालचाल थांबल्यामुळे खेकडे पुन्हा बाहेर येत होते. त्यांत एक होता, त्याची एक नांगी बाकीच्या अंगाएवढी मोठी होती. तो बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती नांगी वर न्यायचा, खाली आणायचा.

"अहो, हा बघा. हात करतोय."

शेठनी नाइलाजाने बघितलं. मग कळशी खाली ठेवली आणि नीट बघितलं.

"गिऱ्हाईक बोलावतोय," ते म्हणाले.

"काहीतरीच!"

"अगं, बघ तू. या, या, म्हणतोय. आणि समोर बघ, तिथं दुसरा! त्याचाही हात चालू आहे. समोरासमोर दुकानं आहेत दोघांची!"

शेठ चक्क उकिडवे बसले. दोन्ही दुकानदार जिवाच्या आकांताने हात करत होते. एवढ्यात एक साधी, दोन्ही नांग्या बारीक असलेली खेकडीण दोघांच्या मधून चालत आली, क्षणभर थांबली, आणि पुढे निघून गेली.

"गेली," शेठ म्हणाले. त्यांचा जीव तुटला. "दोघांकडेही न बघता गेली. आठवड्याच्या बाजारात अगदी असंच होतं."

अकराची बस केव्हा सुटली ते त्यांना कळलं नाही. पुढे चिखलाच्या एका डबक्यात त्यांना मासा दिसला, तो पाण्यात नव्हता. तो पुढच्या दोन परांवर जोर देऊन चिखलातून चालत होता, थांबून बटबटीत डोळ्यांनी यांच्याकडे बघत होता. शेठनी पानबाईंच्या दंडाला धरून हलवलं. "मासा चालतोय! अगं, मासा!" गेल्या एकवीस वर्षांत त्यांनी बायकोला असं हलवल्याचं पानबाईंना आठवत नव्हतं.

आणि मग पानबाईंना ते पक्षी दिसले. पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, उथळ पाण्यात, शंभरेक तरी असतील. काठीसारखे उंच पाय, वाकड्या माना.

"अहो, ते बघा! कसा रंग आहे!"

"बगळे आहेत."

"बगळे कुठले! गुलाबी आहेत ते. सगळेच्या सगळे गुलाबी!"

"बगळेच आहेत," शेठ म्हणाले. "राखाडी."

पानबाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. शेठ पक्ष्यांकडे बघत होते. थट्टा करणाऱ्याचा तो चेहरा नव्हता.

"तुम्हाला ते राखाडी दिसतात?"

शेठ छत्रीच्या टोकाने चिखलात रेघ ओढत म्हणाले, "रंग नगीनदास काढून द्यायचे. दलाल. मी आपला पोत बघायचो, काठ बघायचे. हे गुलाबी, हे हिरवं, ते सांगत जायचे, मी मान हलवायचो. गेल्या वर्षी ते वारले. नव्या मुनिमाने विचारलं, शेठ, यातलं गुलाबी कोणतं देऊ? मी दाखवलं."

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"कापडाच्या व्यापाऱ्यानं काय सांगायचं? आणि मला वाटायचं, सगळ्यांनाच जेमतेम दिसत असेल. लोक उगीच वाढवून सांगत असतील."

"लग्नात मी काय नेसले होते?"

"चुनडी."

"रंग?"

"मातकट," शेठ म्हणाले. "लोक लाल म्हणत होते. मग मीही म्हणालो."

पानबाईंना हसू आलं. वारा सुटला होता. तिकडे शंभर पक्ष्यांनी एकदम माना वळवल्या.

"गुलाबी म्हणजे असं बघा," त्या म्हणाल्या. "पेरू फोडला की आत असतो ना..."

"आत पांढरा असतो."

"बरं, राहू दे पेरू. निर्मल झाला तेव्हा त्याची टाच तुम्ही हातात धरली होती. आठवते? कशी होती?"

"मऊ."

"तसा रंग आहे तो."

शेठनी त्या पक्ष्यांकडे बराच वेळ बघितलं. कपाळाला आठ्या घालून, एखादं लांबचं गिऱ्हाईक ओळखायचं असावं तसं. मग हळूच म्हणाले, "मऊ." आणि पुन्हा एकदा, "बरेच आहेत गं."

त्याच वेळी काठावरून तो म्हातारा कोळी त्यांना हात करू लागला. दोन्ही हात वर, खाली, वर, खाली. पानबाईंनीही हसून हात केला.

"इथं सगळेच हात करतात," शेठ म्हणाले. "भला माणूस आहे."

म्हातारा आता ओरडू लागला. शब्द वाऱ्यावर जात होते. पण शेठच्या बुटात पाणी आलं, आणि त्यांनी खाली बघितलं. खेकडे सगळे गायब झाले होते, बिळांची तोंडं बुजलेली होती. मागे वळून बघितलं तर ज्या कोरड्या ओघळीवरून ते सहज उडी मारून आले होते, तिच्यातून आता पाणी वाहत होतं. समोरची रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिला आवाज आला होता.

"पळ!" शेठ ओरडले, आणि पहिल्याच पावलाला त्यांचा डावा बूट चिखलाने ठेवून घेतला. तो ओढायला गेले आणि खाली बसले. बसलेले उठले तेव्हा धोतर कमरेपर्यंत काळं झालं होतं. पानबाई मात्र उलट दिशेला तोंड करून उभ्या होत्या.

"अगं, चल ना!"

"अहो, पण तो आलाय."

"म्हणूनच चल म्हणतोय!"

"इतकी वर्षं मी वाट बघितली," पानबाई म्हणाल्या, "आणि तो स्वतः होऊन आला, तर पाठ दाखवून पळायचं?"

"तोंड त्याच्याकडे ठेव आणि मागं मागं चल," शेठ म्हणाले, "पण चल!"

तशा त्या खरोखरच चालल्या. शेठनी त्यांचा हात धरला होता, दुसऱ्या हाताने डबा डोक्यावर धरला होता, छत्री आणि कळशी कुठे राहिली ते कुणालाच माहीत नव्हतं. ओघळीशी आले तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं. पलीकडे म्हातारा येऊन पोचला होता. पाण्यात उतरून हात पुढे करत तो ओरडला, "जल्दी करो, बेन! आ तापीनुं पाणी छे, जोर बहु छे!"

पानबाई ओघळीच्या मध्यावर थांबल्या.

"तापीचं? आपल्या तापीचं?"

"मुख इथंच आहे ना तिचं जवळ," शेठ म्हणाले. "चल पुढं."

पण पानबाई वाकल्या होत्या. गढूळ पाण्याची ओंजळ त्यांनी भरून घेतली होती. त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड चोपड्याहून येताना नावेतून तापी ओलांडून आलं होतं. पैलतीरावर उभी असलेली आई नावेतून लहान लहान होत गेलेली त्यांना दिसली होती. ते पाणी पुढे कुठे गेलं, याचा विचार एवढ्या वर्षांत त्यांच्या मनात आला नव्हता. ते इथे आलं होतं. त्या ओंजळीकडे पानबाई अशा बघत राहिल्या, जसं माहेरचं कुणी अचानक दारात उभं राहावं आणि काय विचारावं ते सुचू नये.

"घरची चौकशी काठावर जाऊन कर!" शेठ ओरडले, आणि म्हाताऱ्याने दुसरा हात धरला.

काठावर आल्यावर म्हातारा त्या दोघांना बराच वेळ बोलला. गुजराती असल्यामुळे पानबाईंना त्यातलं अर्धंच कळलं, आणि शेठनी उरलेलं समजावून सांगितलं नाही. म्हाताऱ्याच्या बायकोने विहिरीचं पाणी काढून दिलं. पानबाई ते पदरातून गाळून प्याल्या, आणि शेठनाही त्यांनी तसंच गाळून दिलं. तीनची बस आली. कंडक्टरने शेठना वरपासून खालपर्यंत बघितलं, एका पायात बूट, दुसऱ्या पायात चिखल, आणि त्यांना आत न घेताच घंटी ओढली.

"साडेपाचला आहे आणखी एक," शेठ म्हणाले. बाजार हुकला होता, पण त्यांनी बाजाराचं नाव काढलं नाही.

दोघे सुरूच्या बुंध्याशी उन्हात वाळत बसले, आणि समुद्र आला. घाई न करता आला. आडव्या पडलेल्या होड्या एक एक करून सरळ झाल्या, मग तरंगू लागल्या. जिथे दुकानं समोरासमोर होती तिथून पाणी गेलं, मासा चालला होता तिथून गेलं, आणि चारच्या सुमारास झाडांच्या मुळांपाशी येऊन थांबलं. आता समोर दुसरं काही नव्हतंच. पानबाई गुडघ्यांभोवती हात बांधून बसल्या होत्या. जांभळी साडी पोटरीपर्यंत काळी झाली होती.

"किती म्हणतेस तू नेहमी, लवणसमुद्राची रुंदी?" शेठनी विचारलं.

"दोन लक्ष योजनं."

शेठनी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत नजर फिरवली. "असेल," ते म्हणाले.

सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून त्यांनी डबा उघडला. एवढ्या धावपळीत दशम्या तेवढ्या कोरड्या राहिल्या होत्या. त्या खाऊन होतात तोच मागे बसचा भोंगा वाजला.

"बस आली," पानबाई उठत म्हणाल्या.

शेठ बसून राहिले. "पुढची घेऊ."

"पुढची नाहीये. ही शेवटची."

"मग थांबेल जरा," शेठ म्हणाले. पानबाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं, तेव्हा ते उठले.

दुसऱ्या दिवशी बाजारात पानबाईंनी रंग निवडले आणि शेठ नवे कॅनव्हासचे बूट घालून पाठीमागे हात बांधून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत बसल्याबरोबर पानबाई खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या. समोरच्या बाकावर तोताराम नावाचे एक शेतकरी होते. ते मुलीला सुरतेला सोडून एदलाबादकडे घरी निघाले होते. एरवी गाडीत बसलं की शेठ तोंडावर मफलर ओढत. आज त्यांनी तोतारामांना विचारलं, "का हो, तापी तुमच्याकडूनच येते ना?"

"आमच्याकडून पुढं येते, पण निघते मुलताईले," तोताराम म्हणाले. "मी गेलो होतो एकडाव. एवढुसं कुंड आहे."

"एवढुसं म्हणजे?"

"पोरं पोहतात त्याच्यात. असं वाटते, ही काय नदी होईन!"

दोन स्टेशनं गेली. मग त्यांनी पानबाईंच्या कोपराला हलकेच ढोसलं.

"झोपलीस का?"

"हं."

"मुलताईला सतरंज्या फार चांगल्या मिळतात म्हणे."

पानबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "कुणी सांगितलं?"

"हे म्हणतात."

तोतारामांनी चकित होऊन शेठकडे बघितलं. त्यांनी सतरंजी हा शब्दच काढला नव्हता.

"आपण साड्या विकतो," पानबाई म्हणाल्या.

"हो, पण बघून यायला काय हरकत आहे? भुसावळला गाडी बदलली, नागपूरकडची धरली, मग पुढे विचारत विचारत जाता येईल. उन्हाळ्यात जाऊ. नाहीतर होळीच्या आधीच." ते थांबले. "सतरंज्यांसाठी."

पानबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याकडे बघितलं, आणि उठून त्यांना खिडकीची जागा दिली. शेठ लगबगीने सरकले. गजांना कपाळ लावून बसले. बाहेर तुरीची शेतं होती, बाभळी होत्या, मधूनच एखादी बैलगाडी.

"आता दिसेल ती कुठंतरी," शेठ म्हणाले. "गाडी तिच्या काठाकाठानंच जाते ना."

नंदुरबार येईपर्यंत ते तसेच बसून होते. मफलर गळ्यात लोंबत होता, वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून ती त्यांनी मांडीखाली धरली होती. येताना पानबाई दिवसभर याच बाजूच्या खिडकीपाशी बसल्या होत्या, आणि नदी कुठेच लागली नव्हती. तापी गाडीच्या दुसऱ्या बाजूला आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एकदोनदा त्या सांगायला पुढे झुकल्याही. पण शेठ इतके मन लावून बघत होते की त्यांना तिथून उठवायचं पानबाईंच्या जिवावर आलं.